पोर्ट नको, प्रोटोकॉल हवा

‘अमुक तारखेपासून या फोनांवर व्हॉट्सअ‍ॅप बंद’ ही बातमी आता दरवर्षी येते आणि तिच्यामागून तेच भांडण येतं. एक बाजू म्हणते, जग पुढे गेलं, फोन बदला. दुसरी बाजू म्हणते, कंपनीला गरिबांचं सोयरसुतक नाही, सरकारनं तिला सगळ्या फोनांवर चालवायला भाग पाडावं. कायओएस या बटणांच्या फोनांच्या सिस्टिमवरच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या वेळी हेच झालं. २०२४च्या जूनमध्ये ते कायओएसच्या स्टोअरमधून काढलं गेलं आणि २०२५च्या सुरुवातीला जुन्या वापरकर्त्यांसाठीही बंद झालं. मला या दोन्ही बाजू पटत नाहीत, कारण दोघांनीही एक गोष्ट न बोलता मान्य केली आहे: व्हॉट्सअ‍ॅप कुठल्या सिस्टिमवर चालणार हे फक्त त्याची मालक कंपनीच ठरवणार. माझं म्हणणं असं की कंपनीवर पोर्ट करण्याची, म्हणजे एकेका सिस्टिमवर चालेल असं अ‍ॅप बनवून देण्याची, सक्ती अजिबात करू नये. पण दुसरं कुणी ते काम अंगावर घ्यायला तयार असेल, तर त्याला अडवण्याचा हक्कही एवढ्या मोठ्या कंपनीकडे राहता कामा नये. मागणी पोर्टची नको, प्रोटोकॉलची, म्हणजे अ‍ॅपं एकमेकांशी ज्या ठरलेल्या नियमांनी बोलतात ते नियम खुले करण्याची हवी, आणि ती विनंती म्हणून नाही, कायदा म्हणून.

कायओएस म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो, कारण भांडणाऱ्यांपैकी अनेकांनी तो फोन हातात घेतलेला नसतो. मोझिलानं २०११मध्ये ब्राउझरच्याच इंजिनावर चालणारी फोनची सिस्टिम बनवायला घेतली. तिचं नाव पुढे फायरफॉक्स ओएस झालं. मोझिलानं ती सोडून दिली, पण तिचा सोर्स कोड खुला होता, म्हणून दुसऱ्यांना तो उचलून कायओएस उभी करता आली. २०१७मध्ये ती जिओफोनमध्ये आली: दीड हजार रुपये अनामत, बटणांचा फोन, ५१२ एमबी रॅम, ४जी. हे फोन दहा कोटींच्या पुढे गेल्याचं कंपनी सांगत होती. दहा कोटी हातांतल्या सिस्टिमला ‘कमी वापराची’ म्हणायचं, यातच खरी गोम आहे. सिस्टिम लहान की मोठी हे माणसं मोजून ठरत नाही, त्या माणसांच्या खिशाकडे बघून ठरतं.

एकदा एसटी स्टँडवर माझ्या शेजारी एक आजीबाई असाच फोन घेऊन बसल्या होत्या. मधलं बटण दाबून ठेवायचं, फोन ओठांशी आणायचा, ‘गाडी लागली नाही अजून, भाकरी झाकून ठेव’ एवढं बोलायचं, बटण सोडायचं. मग फोन कानाला लावून उत्तर येईपर्यंत थांबायचं. त्या बाईंना अक्षर लिहावं लागत नव्हतं, वाचावं लागत नव्हतं. ‘फोन बदला’ म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही की बदलायचा असतो तो फक्त फोन नसतो. बोटाला बटण लागल्याची जाणीव, दोन-दोन दिवस टिकणारी बॅटरी, न बघता जमणारी सवय, हे सगळं त्याबरोबर जातं.

आता पोर्ट करणं किती अवघड असतं ते. इथे मी कंपन्यांची बाजू पूर्ण मांडणार आहे, कारण मी काही वर्षं हेच काम केलं आहे. निरोप पाठवणं सोपं असतं. निरोप अर्ध्या सेकंदानं पोचला तरी कुणाचं काही बिघडत नाही. आवाजाचं तसं नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे की बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत आवाज १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा. ४००च्या पुढे गेलं की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर पाय द्यायला लागतात. ऑपससारखा कोडेक, म्हणजे आवाज दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर, आवाजाचे सहसा २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक तुकडा दाबायचा, कुलूपबंद करायचा, पाठवायचा. पलीकडे उशिरा आलेले आणि हरवलेले तुकडे सांभाळत सलग वाजवायचा. हे सगळं ब्राउझरच्या इंजिनात, जावास्क्रिप्टच्या भरवशावर करायला गेलात, की इंजिन मेमरी साफ करायला क्षणभर थांबतं आणि तेवढ्यात समोरच्याचं अर्धं वाक्य तुटतं. कायओएसचं इंजिन २०१६च्या फायरफॉक्सच्या जमान्यातलं होतं. व्हॉट्सअ‍ॅप जिओफोनवर आलं २०१८च्या सप्टेंबरमध्ये, आणि त्याच सिस्टिमवर त्याचे व्हॉइस कॉल आले ते थेट २०२१मध्ये. निरोप आणि कॉल यांच्यामधलं ते अंतर बघा.

सगळ्यात जास्त घाम फोडतो तो एको. समोरच्याचा आवाज तुमच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, तुमच्या माइकमध्ये शिरतो आणि परत त्याच्या कानात जातो. तो काढून टाकायचा तर सॉफ्टवेअरला नेमकं कळावं लागतं की आत्ता स्पीकरवर काय वाजतंय आणि ते माइकपर्यंत किती उशिरानं येणार. मोठ्या सिस्टिम हा उशीर बऱ्यापैकी खरा सांगतात. आम्ही एकदा एका लहानशा सिस्टिमवर कॉलचं सॉफ्टवेअर नेत होतो. ती सिस्टिम आवाजाचा बफर, म्हणजे वाजवायचा साठा, घ्यायची आणि तो कधी वाजेल याबद्दल चकार शब्द काढायची नाही. दोन खोल्यांत दोन फोन ठेवले. एक सहकारी आकडे मोजायचा, दुसरा टाळी वाजवायचा, आणि ती टाळी किती वेळानं परत ऐकू येते हे आम्ही लहरींच्या आलेखावर मोजायचो. एका कॉलला जेवढा उशीर, पुढच्या कॉलला त्याच्या दीडपट. चार्जर लावला की आणखी वेगळा. तीन आठवडे आम्ही दुसरं काही केलं नाही. आणि हे एका फोनचं झालं. नवं मॉडेल आलं की माइक सरकतो, स्पीकर बदलतो, आणि टाळ्या पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून कंपनी म्हणते की एकेका लहान सिस्टिमसाठी वेगळं पथक ठेवणं परवडत नाही, तेव्हा तो बहाणा नसतो. सुरक्षेचा मुद्दाही खरा आहे. ज्या सिस्टिमला वर्षानुवर्षं दुरुस्त्या मिळत नाहीत, तिच्यावर गुप्त संभाषणाचं आश्वासन देणं म्हणजे कडी तुटलेल्या दाराला भारी कुलूप लावणं. अर्धवट सांभाळलेलं पोर्ट हे पोर्ट नसण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. आणि सरकारनं सक्ती केलीच, तर काय होईल ते आपल्याला ठाऊक आहे: नावापुरतं अ‍ॅप, त्यात निम्म्या सोयी गायब, कॉल लावला की खरखर, आणि कागदोपत्री सगळं पूर्ण. ज्याला ते काम करायचं नाही त्याच्याकडून ते चांगलं करून घेणारा कायदा अजून कुणाला लिहिता आलेला नाही.

मग सोडून द्यायचं? तसं म्हणणाऱ्यांनी याच अ‍ॅपचा जुना इतिहास आठवावा. व्हॉट्सअ‍ॅप आपल्याकडे आयफोनच्या जोरावर पसरलं नाही. ते पसरलं नोकियाच्या सिम्बियन आणि एस४० फोनांवर, ब्लॅकबेरीवर. म्हणजे त्या वेळच्या अवघड, तोकड्या, एकमेकांशी न जुळणाऱ्या सिस्टिमवर. तेव्हा कंपनी लहान होती, माणसं मूठभर होती, तरी पोर्ट परवडत होतं. का? कारण प्रत्येक नव्या सिस्टिमबरोबर नवे लोक जोडले जात होते, आणि जोडलेल्या लोकांनीच २०१४मध्ये त्या कंपनीची किंमत एकोणीस अब्ज डॉलर ठरवली. पुढे ब्लॅकबेरी २०१७च्या अखेरीस गेलं, एस४० २०१८च्या अखेरीस, विंडोज फोन २०१९च्या अखेरीस. मी याला दगाबाजी म्हणत नाही. पण ‘लहान सिस्टिम परवडत नाही’ या वाक्याचा अर्थ यातून नीट कळतो. जाळं विणायचं असतं तोवर प्रत्येक धागा परवडतो. जाळं विणून झालं की एखादा धागा तुटला तरी विणणाऱ्याचं नुकसान होत नाही, कारण त्या धाग्यावरची माणसं जातील कुठे? त्यांचे नातेवाईक, शाळेचा गट, सोसायटीचा गट, सगळे आतच आहेत. शेवटी फोन तीच बदलतात.

आणि हे जाळं कशावर विणलं गेलं? व्हॉट्सअ‍ॅपचा सुरुवातीचा प्रोटोकॉल एक्सएमपीपी या खुल्या मानकात फेरफार करून बनवला होता, सर्व्हर ईजॅबरडी या खुल्या सॉफ्टवेअरवर उभा होता. गूगल टॉकही एक्सएमपीपीवर चालायचं आणि २००६पासून दुसऱ्यांच्या सर्व्हरशी बोलायचं. २०१३मध्ये त्याच्या जागी गूगलचंच हँगआउट्स आलं आणि ती खिडकी बंद झाली. म्हणजे खुल्या वाटेनं वर चढायचं आणि वर पोचल्यावर शिडी ओढून घ्यायची, हा एका कंपनीचा दोष नाही, या धंद्याचीच रीत झाली आहे.

याहून जुनी गोष्ट सांगतो. १९०२मध्ये जर्मन सम्राटाचा भाऊ प्रिन्स हाइनरिख अमेरिकेचा दौरा आटोपून ‘डॉइचलांड’ जहाजानं परतत होता. त्याला वाटेतून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना आभाराचा बिनतारी संदेश पाठवायचा होता. जहाजावरचं यंत्र जर्मन बनावटीचं होतं. किनाऱ्यावरचं केंद्र मार्कोनी कंपनीचं. केंद्रानं संदेश घेतला नाही. कंपनीचा नियमच होता: मार्कोनी फक्त मार्कोनीशी बोलेल. कंपनीची बाजू आजच्यासारखीच होती. आम्ही पैसा ओतला, केंद्रं आम्ही उभारली, परक्या यंत्रांनी आमच्या सेवेत गोंधळ होईल. १९०३मध्ये बर्लिनला परिषद भरली, १९०६मध्ये पुन्हा भरली आणि आंतरराष्ट्रीय करारात कलम आलं की यंत्र कुठल्याही पद्धतीचं असो, किनाऱ्यावरच्या केंद्रांनी जहाजांशी संदेशांची देवाणघेवाण केलीच पाहिजे. यात लक्षात घेण्यासारखं हे की त्या परिषदेनं मार्कोनीला जर्मन जहाजांवर यंत्रं बसवायला सांगितलं नाही. पोर्टची सक्ती केली नाही. फक्त एवढंच म्हटलं की समोरून हाक आली तर उत्तर द्यावं लागेल. आपण गेली काही वर्षं नेमकं उलटं मागतो आहोत.

परदेशातला दाखला नको असेल तर आपल्या लिपीचा घ्या. ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी मराठी वृत्तपत्रं इंटरनेटवर वाचली असतील त्यांना आठवेल, जवळपास प्रत्येक संकेतस्थळाचा फॉन्ट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर पानभर निरर्थक चिन्हं. एका फॉन्टात टाइप केलेला लेख दुसऱ्या संगणकावर उघडला की कचरा. तेव्हाही दोन बाजू होत्या. एक म्हणायची, मराठीला बाजार नाही, इंग्रजी शिका. दुसरी म्हणायची, कंपन्यांनी मराठीसाठी काहीतरी करावं. सुटका झाली ती यातल्या कुठल्याच वाटेनं नाही. ती झाली अक्षरांचे क्रमांक सगळ्यांसाठी एक ठरल्यामुळे. भारतीय मानक इस्की होतं, १९९१मध्ये युनिकोड या जगभरच्या अक्षरांच्या तक्त्याच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी आली, आणि पुढे सिस्टिमनी ती आपलीशी केली. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यातला फरक सांभाळणारा आपला अर्धा ऱ त्या तक्त्यात आहे. तो जगाच्या दृष्टीनं किती किरकोळ! पण एकदा मानकात जागा मिळाली की मग कुणाची मनधरणी करावी लागत नाही. आज मुंबईतला लहानसा गट ‘मुक्त’सारखा फॉन्ट बनवतो आणि तो कुठल्याही फोनवर चालतो, कारण अक्षराचा क्रमांक कुणाच्या मालकीचा नाही.

आता विरोधातला सगळ्यात भक्कम मुद्दा. सिग्नल या निरोपांच्या अ‍ॅपचे संस्थापक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २०१६मध्ये मांडलं होतं की अनेकांच्या हातात विखुरलेला प्रोटोकॉल जागच्या जागी थिजतो. एकाच कंपनीचं अ‍ॅप असेल तर एका रात्रीत सगळ्यांना नवं एन्क्रिप्शन, म्हणजे निरोपाचं नवं कुलूप, देता येतं. शंभर जणांची शंभर अ‍ॅपं असतील तर सगळे एकत्र हलेपर्यंत वर्षं जातात. शिवाय समोरच्या अनोळखी अ‍ॅपनं तुमचा निरोप उघडून कुठे साठवला, हे कळणार कसं? आणि फसवणूक करणाऱ्यांना मोकळं रान मिळेल ते वेगळंच. हा माणूस खाजगीपणासाठी आयुष्य घालवणारा आहे. त्याचा मुद्दा कंपनीच्या वकिलाचा नाही, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

थिजण्याबद्दल: एक्सएमपीपीचं तसं झालं हे खरं आहे. पण वेबवरच्या प्रत्येक कुलपामागचा टीएलएस प्रोटोकॉल कुणा एकाचा नाही. त्याची १.३ आवृत्ती २०१८मध्ये ठरली आणि ब्राउझर, सर्व्हर, बँका सगळ्यांनी ती उचलली. खुला प्रोटोकॉल हलतो की थिजतो हे त्याच्या खुलेपणावर नाही, मोठ्या खेळाडूंना तो हलायला हवा आहे की नाही यावर ठरतं. एक्सएमपीपीतून मोठेच निघून गेले, मग हलवणार कोण? एन्क्रिप्शनचं म्हणाल, तर गटांच्या गुप्त संभाषणाचं एमएलएस हे खुलं मानक २०२३मध्ये तयार झालं, आणि २०२५मध्ये आरसीएस या एसएमएसच्या नव्या अवताराच्या मानकात त्याच पायावरचं एन्क्रिप्शन आलं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनांमध्ये कुलूपबंद बोलणं कागदावर तरी आता अशक्य राहिलेलं नाही. समोरच्या अ‍ॅपवर विश्वास कसा ठेवायचा? आज तरी कुठे ठेवता येतो? पलीकडच्या माणसाच्या फोनमध्ये चोरटं सॉफ्टवेअर आहे का, तो स्क्रीनशॉट काढतो का, हे आजही कळत नाही. अनोळखी अ‍ॅपकडून आलेल्या निरोपावर ठळक खूण हवी, आणि नको असेल त्याला ते दार बंद ठेवता यावं, एवढं मी नक्की मान्य करतो.

आणि फसवणुकीबद्दल बोलताना आपल्याकडे तर सगळ्यात मोठा दाखला रोज खिशात वाजतो. आधी एका वॉलेटमधले पैसे दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये जात नसत. २०१६मध्ये यूपीआय आलं आणि फोनपेवरून गूगल पेवर, तिथून भीमवर पैसे जायला लागले. भाजीवाल्याकडे कुठलं अ‍ॅप आहे हे विचारावं लागत नाही, त्याच्या गाडीवरचा क्यूआर सगळ्यांचा. मार्च २०२२मध्ये साध्या बटणांच्या फोनांसाठी यूपीआय १२३पे आलं. ते कुठल्या कंपनीच्या दयेमुळे आलं नाही. पैसे पाठवण्याची पद्धत कुणा एका अ‍ॅपच्या पोटात नव्हती, म्हणून दुसरं दार करता आलं. यूपीआयमध्ये फसवणूक होते, पुष्कळ होते. म्हणून कुणी असं म्हणतं का की पुन्हा प्रत्येक वॉलेट आपापल्या भिंतींच्या आत करूया? पैशासारखी नाजूक गोष्ट आपण खुल्या मानकावर चालवू शकतो, आणि ‘पोचलो’ एवढं सांगणारा कॉल चालवू शकत नाही?

युरोपनं या दिशेनं पाऊल टाकलं आहे. डिजिटल मार्केट्स कायद्यानुसार मोठ्या निरोप-सेवांना इतरांसाठी दार उघडावं लागतं: आधी दोघांमधले निरोप, मग दोन वर्षांत गट, आणि व्हॉइस-व्हिडिओ कॉल चार वर्षांत. कॉल शेवटी ठेवले, म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना आमच्या टाळ्यांच्या तीन आठवड्यांची कल्पना होती. त्या कायद्यात मला खटकतं ते वेगळंच. दार उघडतं ते दुसऱ्या सेवेसाठी, म्हणजे पुन्हा सर्व्हर बाळगणाऱ्या कंपनीसाठी. एखाद्या लहान सिस्टिमसाठी नुसतं अ‍ॅप लिहू पाहणाऱ्या चार जणांना त्याचा थेट उपयोग नाही. असे लोक नेहमीच असतात. नोकियाच्या मीगो सिस्टिमवरच्या एन९ फोनसाठी अधिकृत व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, तेव्हा बाहेरच्या हौशी लोकांनी प्रोटोकॉल उलगडून वाझअ‍ॅप नावाचं अ‍ॅप लिहिलं होतं. बाहेरच्या अ‍ॅपांकडे मालक कसं बघतात हेही आपण पाहिलं आहे. २०१५मध्ये व्हॉट्सअ‍ॅप प्लस नावाचं परकं अ‍ॅप वापरणाऱ्यांना चोवीस तासांची बंदी घातली गेली होती. भारतानं कायदा करताना युरोपची नक्कल करू नये, एक पाऊल पुढे जावं. ठराविक सुरक्षा चाचणी पार केलेल्या कुठल्याही अ‍ॅपला, मग ते कुणीही लिहिलेलं असो, जोडणी मिळालीच पाहिजे.

कायद्याला वेळ लागेल. पण एक गोष्ट कायद्याशिवाय होऊ शकत होती आणि ती झाली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. फेब्रुवारी २०२५मध्ये महाराष्ट्र शासनानं ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर देण्यासाठी त्याची मालक कंपनी मेटाशी करार केला. त्याच सुमारास कायओएसवरचं व्हॉट्सअ‍ॅप कायमचं मिटत होतं. दाखल्यासाठी तालुक्याला हेलपाटे घालावे लागू नयेत हा हेतू चांगलाच आहे, आणि तो सगळ्यात जास्त कुणाच्या उपयोगाचा? तालुक्यापासून लांब राहणाऱ्याच्या, ज्याच्या हातात बहुतेक वेळा स्वस्तातला फोन असतो. ज्या दिवशी शासन आपलं काउंटर एखाद्या अ‍ॅपच्या आत नेतं, त्या दिवशी ते अ‍ॅप कुठे चालतं आणि कुठे नाही ही कंपनीची खाजगी बाब राहत नाही. बारा कोटींच्या राज्याचं सरकार समोर बसलेलं असताना दोन कलमं मागता आली असती. पहिलं, जी सेवा या अ‍ॅपवर, तीच एसएमएसवर आणि साध्या कॉलवरही त्याच दिवशी सुरू होईल. दुसरं, शासनाच्या या खात्याशी बोलण्यापुरता तरी प्रोटोकॉल खुला असेल, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही अ‍ॅपवरून, कुठल्याही फोनवरून त्या खात्याला निरोप पाठवता येईल. ‘आपले सरकार’चं खातं हे शासनाचं आहे. तिथे कुणाचे मित्र किंवा नातेवाईक नाहीत, फक्त अर्ज आणि दाखले आहेत. खुल्या प्रोटोकॉलची सुरुवात करायला याहून सोपी जागा नाही, आणि पुढच्या कुठल्याही करारात ही दोन कलमं अजूनही लिहिता येतात.